चंद्राचं वय आणि दोन सह्या

रामदास मेश्राम आमच्या समोरच्या घरात, गच्चीवरच्या खोलीत राहायला आले ते एक्क्याण्णव सालच्या मार्चमध्ये. सामान म्हणजे एक खाट, दोन पेट्या, स्टोव्ह आणि एक पोलादी पट्टी, जवळजवळ माझ्या उंचीची. पट्टी त्यांनी रिक्षावाल्याच्या हाती दिली नाही. झोपलेलं लेकरू न्यावं तशी स्वतः जिन्यावरून वर नेली. मी व्हरांड्यात मेथी निवडत होते. मनात म्हटलं, हा माणूस शिंपी तरी असेल नाहीतर शाळामास्तर.

दोन्ही नव्हते. इथे लखनौत मानक नगरला रेल्वेचं संशोधनाचं ऑफिस आहे, तिथे त्यांनी तीस वर्षं रूळ मोजले. किती झिजला, किती वाकला, केसाएवढा फरक पडला तरी कागदावर आणायचा. गाव नागपूरकडचं, उमरेडजवळ. ते रिटायर व्हायच्या आठ महिने आधी बायको, शैला, वारली. मग क्वार्टर सोडावं लागलं. मुलगी प्राची नागपुरात.

"तिच्याकडे काहून नाही गेलो, असंच विचारायचं आहे ना ताई?" मी विचारायच्या आतच ते म्हणाले. "तिच्या दोन खोल्या, माणसं सहा. सातवं माणूस मोजायला सोपं आहे, ठेवायला कठीण."

मला माणसाची गरज होती, हे आता कबूल करते. माझा मुलगा राजेश नोकरीवर, सून नोकरीवर, नात स्वरदा शाळेत. आठ ते पाच घरात मी आणि फ्रिज. फ्रिज निदान मधूनमधून आवाज करतो. स्वरदाशी मराठीत बोलावं तर ती हिंदीत उत्तर देणार. इंदिरा नगरात आपल्या भाषेत दोन वाक्यं ऐकायची तर मला स्वतःशीच बोलावं लागायचं.

असं असूनही मेश्राम पहिल्यांदा चहाला आले तेव्हा मी त्यांना वेगळ्या पेल्यात चहा दिला. आडनाव ऐकलं होतं. माझ्या सासरी, साताऱ्याकडे, असा एक पेला बाहेरच्या कोनाड्यात असायचा. इथे कोनाडा नाही, पण तो माझ्या डोक्यात होता. पेला मी वेगळा विसळला. त्यांनी पाहिलं. दुसऱ्या दिवशी आले ते खिशातून स्वतःचा कप काढतच. निळ्या काठाचा, एका बाजूला टवका उडालेला. साडेतीन वर्षं तो कप खिशातून येत राहिला आणि खिशातून जात राहिला.

चंद्राचं त्यांनी मला त्र्याण्णवच्या हिवाळ्यात सांगितलं.

फार पूर्वी माणसं चंद्रावर गेली तेव्हा तिथे आरसे ठेवून आली. बाहेरदेशी एका डोंगरावर दुर्बीण आहे, तिथून त्या आरशांवर प्रकाशाचा किरण सोडतात. तो आपटून परत येतो. किती वेळ लागला त्यावरून चंद्र किती लांब ते काढतात.

"किती वेळ लागतो?" मी विचारलं.

"तुम्ही आता चहाचा घोट घेतला ना, तो गिळेपर्यंत. जाऊन-येऊन अडीच सेकंद."

"आणि मोजतात ते बरोबर असतं?"

"एका बोटाच्या जाडीपर्यंत."

मी हसले. आमचा दूधवाला समोर उभा राहून मापतो तरी बोटभर कमी भरतो.

हे सगळं त्यांनी साहेबांच्या टेबलावरून रद्दीत गेलेल्या एका मासिकात वाचलं होतं. त्यात एक प्रश्न होता, आणि तो त्यांच्या डोक्यातून जात नव्हता. पृथ्वीच्या पोटात लोखंड. चंद्र जवळजवळ नुसता दगड. दोघंही सूर्याच्या ओढीत आहेत. तर सूर्य दोघांना सारखंच ओढतो का? का लोखंडाला एक न्याय आणि दगडाला दुसरा?

"सारखं ओढत नसेल तर कळणार कसं?" मी म्हटलं. "आपण काय दोरी धरून बसलोय?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू एवढ्या वर्षांत कुणी पहिलाच कामाचा प्रश्न विचारला. मग चहाच्या बशीभोवती हरभऱ्याचा दाणा फिरवून दाखवला. अमावस्येला चंद्र सूर्याच्या बाजूला असतो. पौर्णिमेला उलट्या बाजूला. सूर्य चंद्राला जास्त ओढत असेल, तर अमावस्येला तो आपल्यापासून जरा लांब दिसेल आणि पौर्णिमेला जरा जवळ. महिन्यामागून महिना, तसंच. फरक नसेल तर शून्य यायला हवं. न्याय एकच.

"मग मोजणाऱ्यांनी काढलंच असेल की."

"काढलं आहे. शून्य म्हणतात. पण तपासणारा कोण?"

त्यांच्या ऑफिसात कुठल्याही मोजणीच्या कागदाखाली दोन सह्या असत. एक मोजणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. आणि मोजणाऱ्याला आपण कोणता रूळ मोजतो आहोत हे सांगायचंच नाही, अशी तिथली शिस्त. माहीत असलं की हात आपोआप हव्या त्या आकड्याकडे जातो. मेश्रामांनी सरळ त्या डोंगरावरच्या लोकांना पत्र घातलं की मी रेल्वेचा निवृत्त माणूस आहे, तुमची मोजणी तपासू इच्छितो. राजेश म्हणाला, "आई, ते लोक हसून टोपलीत टाकतील." पण सात महिन्यांनी जाडजूड पाकीट आलं. सहा वर्षांच्या मोजण्या, अठ्ठ्याऐंशी ते त्र्याण्णव. प्रत्येक तारखेपुढे गणिताने यायला हवं होतं ते अंतर आणि खरोखर मोजलेलं अंतर, यांतला फरक.

आता प्रत्येक तारखेला चंद्राचं वय हवं होतं, म्हणजे अमावस्येनंतरचा कितवा दिवस. आणि हे वय लिहिणाऱ्याला फरकाचे आकडे दिसता कामा नयेत. क्वार्टरमध्ये असताना असली कामं शैलाबाई करायच्या. आता खोलीत दुसरं कुणी नव्हतं.

"ताई, तुमच्याकडे जुनी कॅलेंडरं असतील?"

होती. माझा भाऊ दर डिसेंबरात साताऱ्याहून मराठी कॅलेंडर पाठवायचा, आणि वर्ष संपलं की मी ते स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यांखाली अंथरायचे. मी डबे उतरवले. अठ्ठ्याऐंशी साल डाळींखाली निघालं, एकोणनव्वद पिठाखाली, नव्वद लोणच्याच्या बरणीखाली, तेलाने जरा पारदर्शक झालेलं. नव्वदच्या शेवटी भाऊ गेला. त्यानंतरची कॅलेंडरं इथलीच, किराणा दुकानातून फुकट मिळालेली.

माझी शाळा दुसरीत सुटली, पण तीसपर्यंत मोजायला दुसरी पुरते. मेश्राम तारखांच्या चिठ्ठ्या आणून द्यायचे. मी चैत्र, वैशाख जो महिना असेल त्याच्या पहिल्या दिवसापासून बोटांवर मोजायची आणि आकडा लिहायची. सातशेच्या वर तारखा होत्या. भावाच्या कॅलेंडरांवर मोजताना एक गंमत कळली, ऐन अमावस्येच्या चिठ्ठ्या जवळजवळ नव्हत्याच. चंद्र दिसतच नाही तर मोजणार काय, असं मेश्राम म्हणाले. तो सगळा हिवाळा आम्ही दुपारी व्हरांड्यातल्या उन्हात बसलो. बोलणं फारसं व्हायचं नाही. पण दुसऱ्या माणसाच्या पेन्सिलीचा आवाजही पुष्कळ असतो. त्याच हिवाळ्यात कधीतरी त्यांचा निळ्या काठाचा कप आमच्या फळीवर, आमच्या कपांत राहिला. कुणी ठेवला आठवत नाही. मीच असेन.

पंच्याण्णवच्या जूनअखेर त्यांनी आकडे जुळवले. शून्य आलं.

मी त्यांना त्याआधी हसताना पाहिलं नव्हतं असं नाही, पण असं नव्हतं पाहिलं. म्हणाले, "सूर्य माणूस बघून वागत नाही, ताई."

कागद लिहून आणला. खाली मोजणाऱ्याच्या जागी त्यांनी सही केली आणि तपासणाऱ्याची जागा माझ्यापुढे सरकवली. मधुमती हे माझं लग्नात ठेवलेलं नाव. ठेवणाऱ्यांनी लिहिणारीचा विचार केला नव्हता. मला पाच मिनिटं लागली. मग टेम्पोत बसून आम्ही दोघं चारबाग स्टेशनला गेलो. मेश्रामांचा विश्वास फक्त स्टेशनातल्या टपालावर. पाकीट पेटीत पडल्याचा आवाज आला तरी ते थोडा वेळ हात आत घालून उभे होते.

पुढच्याच महिन्यात माझं चुकलेलं बाहेर आलं.

शेजारची गीता सोमवारी देवळातून येताना फाटकाशी थांबली. "माताजी, आपका सावन अभी तक नहीं आया? हमारे तो दो सोमवार हो गए."

हे आमचं दर वर्षीचं. आपला महिना अमावस्येला संपतो, इथला पौर्णिमेला. त्यामुळे इथला श्रावण पंधरा दिवस आधी लागतो, आणि लखनौत मी तीस वर्षं शिळा श्रावण पाळणारी बाई आहे. मी नेहमीसारखं म्हटलं, "तुम्हारे महादेव को जल्दी है, हमारे वाले आराम से आते हैं." ती हसून गेली. मी आत आले आणि हातातली पूजेची थाळी ओट्यावर ठेवून तशीच उभी राहिले.

भावाच्या कॅलेंडरांवर मी महिन्याच्या पहिल्या दिवसापासून मोजलं, ते अमावस्येनंतर होतं. बरोबर. पुढच्या तीन वर्षांना इथली कॅलेंडरं घेतली आणि तसंच पहिल्या दिवसापासून मोजलं. पण इथला पहिला दिवस पौर्णिमेनंतरचा. त्या तीन वर्षांत मी पौर्णिमेच्या चंद्राला तीस लिहिलं होतं आणि अमावस्येच्या चंद्राला पंधरा. सगळं उलटं. जी गोष्ट मी गीताला दर वर्षी ऐकवते, तीच मला सातशे चिठ्ठ्या लिहिताना आठवली नाही.

दोन दिवस मी बोलले नाही. मनात आलं, कोण बघणार आहे. एका म्हाताऱ्याला शून्य मिळालं, पाकीट समुद्रापार गेलं. मी गप्प राहिले तर त्यांचं हसू राहील. पण कागदावर तपासणारी म्हणून सही माझी होती.

तिसऱ्या दिवशी सांगितलं. ते कप हातात धरून ऐकत होते. चहा प्यायले नाहीत.

"तीनच वर्षं ना?" एवढंच विचारलं.

आठ दिवसांनी आले ते दाराशीच उभे राहिले. वयं सरळ केल्यावर सहाही वर्षं एका बाजूला झुकली होती. अमावस्येकडे चंद्र लांब, पौर्णिमेकडे जवळ, फरक दोन बोटांचा. अर्धी वर्षं उलटी धरल्यामुळे दोन्ही झुकाव एकमेकांत बुडाले होते, म्हणून ते शून्य.

"मी वर्षं सुटी करून पाहायला हवी होती," ते म्हणाले. "रुळाच्या कामात कधी सोडलं नसतं. इथे शून्य पाहिजे होतं, ते दिसलं आणि मी थांबलो. तुमची चूक मला सापडली असती."

राजेश पेपर वाचत होता. म्हणाला, "मेश्रामकाका, पण हे तर मोठं झालं ना? शून्य नाही म्हणजे तुम्ही काहीतरी शोधलंत. नाव होईल."

मेश्राम त्याच्याकडे वळले. "हो," म्हणाले. "सूर्यालाही जात कळते, हे शोधलं."

राजेशने पेपर वर घेतला. मी स्वयंपाकघरात गेले. तो पेला अजून होता, वरच्या फळीवर, मागे.

त्यानंतर ते येईनासे झाले. चुकीचा कागद तिकडे पोचलेला, आणि बरोबर कागद लिहायला त्यांचा हात उठत नव्हता. ऑगस्ट गेला, सप्टेंबर गेला. संध्याकाळी गच्चीवर ते उभे दिसायचे, चंद्र असला तरी त्याच्याकडे पाठ करून. स्वरदाच्या हाती भाजी पाठवायची तर डबा धुऊन परत यायचा, निरोप नाही. "कुछ बोले?" मी तिच्या भाषेत विचारायची. "नहीं आजी. बस थैंक यू." निळ्या काठाचा कप आमच्याकडेच होता. तो मी रोज इतर कपांबरोबर घासत होते, वापरलेला नसला तरी.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्याच सकाळी सूर्यग्रहण होतं. लखनौला पूर्ण झाकणार नव्हतं, कोर राहणार होती. मी पाण्यावर तुळशीपत्र ठेवून, चूल न पेटवता आत बसले होते. सून म्हणाली चहा तरी घ्या. मी म्हटलं सुटल्यावर. साडेआठच्या सुमाराला उजेड राखेसारखा झाला आणि बाहेरून हाक आली.

"ताई, दोन मिनिटं बाहेर या."

तीन महिन्यांनी आवाज ऐकत होते. ग्रहणात मी आयुष्यात उंबरा ओलांडला नव्हता. ओलांडला.

अंगणातल्या पेरूच्या झाडाखाली मेश्राम खाली बघत उभे होते. पानांमधून जमिनीवर पडणारे उन्हाचे ठिपके नेहमी गोल असतात, ते सगळे कोरीसारखे झाले होते. शेकडो बारीक चंद्रकोरी, फरशीवर, त्यांच्या चपलांवर, माझ्या पदरावर.

मग ते हळू म्हणाले, "चंद्र कुठे आहे आत्ता?"

"सूर्यापुढे. एवढं मलाही कळतं."

"दिवसा." ते थांबले. "ताई, अमावस्येच्या आसपासचा बारीक चंद्र सूर्याला धरूनच असतो. तो दिवसाच वर असतो. त्याला मोजायचं तर उन्हात मोजावं लागतं. आणि पौर्णिमेकडचा मोजतात रात्री."

"मग?"

"मी तीस वर्षं रूळ उजाडायच्या आत मोजला. ऊन चढलं की लोखंड फुगतं."

एवढं बोलून ते जिना चढून वर गेले. बासष्ट-त्रेसष्टचा माणूस, दोन-दोन पायऱ्या.

यादीत प्रत्येक मोजणीची वेळ होती. पंधरा दिवस आम्ही पुन्हा व्हरांड्यात बसलो. त्यांनी वेळा तिकडच्या घड्याळाला जुळवून दिल्या, मी दिवसाच्या चिठ्ठ्या एका डब्यात टाकल्या आणि रात्रीच्या दुसऱ्या. फरकाचे आकडे माझ्यापासून लपवलेलेच होते. या वेळी प्रत्येक वयाला मी दोनदा मोजलं, एकदा बोटांवर आणि एकदा हरभऱ्यांवर. रात्रीच्या मोजण्यांत झुकाव नव्हता. सगळा झुकाव दिवसाच्या डब्यात होता. चंद्र कुठेच गेला नव्हता. डोंगरावरचं यंत्र उन्हाने तापत होतं.

नवा कागद लिहिला. आधीचा चुकीचा होता, तो आमच्या कॅलेंडरामुळे, आणि हा झुकाव तुमच्या उन्हामुळे. खाली दोन सह्या. पुन्हा चारबाग.

फेब्रुवारीत उत्तर आलं. अर्धं पान. स्वरदाने वाचलं आणि मेश्रामांनी मला मराठीत सांगितलं. दिवसाच्या मोजणीत उष्णतेची दुरुस्ती कमी पडत होती, ते आम्हालाही नुकतंच आढळलं आहे, ती केल्यावर शून्य येतं. आपल्या दोघांचे आभार. दोघांचे, असं खरंच लिहिलं होतं. माझं नाव इंग्रजीत कसं दिसतं ते मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"म्हणजे काहीच सापडलं नाही," मी म्हटलं.

"काहीच नाही." त्यांनी पत्राची घडी घातली. "दोघं सूर्याकडे सारखीच पडत राहतात. म्हणून चंद्र आपल्यापाशी आहे."

"सोडून जात नाही?"

"जातो. वर्षाला दीड इंच. ते त्याच मोजणीत निघालं आहे. पण त्यात सूर्याचा दोष नाही."

त्या दिवशी मी वरच्या फळीवरचा तो पेला काढून भंगारवाल्याला दिला. मेश्रामांना सांगितलं नाही. सांगण्यासारखं नव्हतं.

शहाण्णवच्या शेवटी त्यांचे गुडघे गेले. गच्चीवरचा जिना होईना. प्राची येऊन घेऊन गेली. तिच्या घरातलं एक माणूस कमी झालं होतं, सासू. जाताना पट्टी त्यांनी स्वतःच उचलली, आणि मला एक वही दिली, त्यांच्या हाताने आखलेली. एका रकान्यात तारीख, एका रकान्यात चंद्राचं वय. प्रत्येक पानाखाली मोजणारा आणि तपासणारा.

"याचा उपयोग काय?" मी विचारलं.

"काही नाही," ते म्हणाले. "पण हात राहतो."

महिना भरला की मी ते पान काढून नागपूरला पाठवायची. ते तपासणाऱ्याच्या जागी सही करून परत पाठवायचे. कधी बाजूला एखादी ओळ: "बाराव्या तारखेला घाई केलीत." आणि दर डिसेंबरात गुंडाळी करून, दोऱ्याने बांधून, एक मराठी कॅलेंडर. सत्त्याण्णवचं आलं, अठ्ठ्याण्णवचं आलं. समोरच्या खोलीत आता दुसरे भाडेकरू आहेत, त्यांचा टीव्ही मोठा आहे.

नोव्हेंबरचं पान परत आलं. डिसेंबरचं आलेलं नाही. यंदाचं कॅलेंडरही नाही. दोन पोस्टकार्डं टाकली. स्वरदा म्हणते, "आजी, एसटीडी से फोन कर लेते हैं ना." आज नको, असं मी रोज म्हणते.

तोवर दुकानातलं कॅलेंडर लावलं आहे. आज वीस जानेवारी, इथल्या महिन्याचा अठरावा दिवस. पंधरा वजा केले, चंद्राचं वय तीन. हरभऱ्यांवरही मोजलं, तीनच. मोजणाऱ्याच्या जागी सही आधीच करून ठेवली आहे, मला वेळ लागतो म्हणून. शेजारची जागा कोरी आहे.